हूडवाली जुनी गाडी विकायला काढताना: आधी पाणी, मग पॉलिश

पुण्यात जुनी जिप्सी, सॉफ्ट टॉप थार किंवा एखादी मिनी कन्व्हर्टिबल विकायची ठरली की मालक बहुतेक वेळा सर्वांत आधी पॉलिशवाल्याकडे जातो. गाडी चकचकीत होते, फोटो छान येतात, रविवारी सकाळी गिऱ्हाईक येतं. ते दार उघडून आत डोकं घालतं आणि कुबट वास नाकात जातो. त्यानंतर मालक काहीही सांगत असला तरी गिऱ्हाईक मनात दोन-तीनदा भाव खाली आणून मोकळं झालेलं असतं.

उघड्या टपाच्या गाडीची किंमत रंगापेक्षा पाण्याने जास्त पडते. पाणी कुठून येतं, कुठे साठतं आणि त्याने आतापर्यंत काय खाल्लं, हे तीन प्रश्न सुटले की बाकीचं काम सरळ असतं. म्हणून खालचा क्रम पाळा. यातलं बरंचसं काम घरच्या पार्किंगमध्ये होतं. जिथे कारागीरच हवा, तिथे तसं सांगितलं आहे.

वेळ कशी साधायची

आपल्याकडे गाडीचे व्यवहार सणांच्या आसपास हलतात. पितृपक्षात गाडी बघायला सहसा कोणी येत नाही, आणि घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत फोन थांबत नाहीत. याचा फायदा घ्या. जून-जुलैच्या पावसात गळती शोधा, कारण तेव्हा ती स्वतःच दिसते. उघडीप मिळेल तसं गणपतीच्या आधी पत्र्याचं आणि रबराचं काम उरका. पितृपक्षाचा पंधरवडा हूड (म्हणजे गाडीचं उघडमीट होणारं छप्पर), पॉलिश आणि आतल्या सफाईला ठेवा, म्हणजे नवरात्राच्या पहिल्या माळेला जाहिरात टाकता येते. भर पावसात रंग मात्र मारून घेऊ नका. हवेत दमटपणा असला की नवा रंग पांढरट पडतो, त्याला चमक येत नाही. पेंटरकडे हीटर लावलेला बंद बूथ असेल तर गोष्ट वेगळी.

पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला विकायची असेल तर तुलनेने सोपं. थंडीचे दोन-तीन महिने हाताशी असतात आणि पाणी पाइपने मारून बघता येतं.

तुमच्या गाडीला कसलं छप्पर आहे?

जिप्सी १९८५ साली आली तेव्हापासून तिच्या सॉफ्ट टॉपचं गणित साधं आहे: लोखंडी कमानी, त्यावर जाड कॅनव्हास किंवा रेक्झिन, बाजूला प्लास्टिकच्या खिडक्यांचे पडदे, बटणं, पट्टे आणि चेन. २०१० ची थार आणि जुन्या महिंद्रा जीपही याच घरातल्या. या हुडाला मोटर नाही, बिघडायला फारसं काही नाही, आणि नवा हूड पुण्यात शिवून मिळतो.

परदेशी गाड्यांत दोन प्रकार पडतात. मिनीला किंवा २००९ च्या आधीच्या बीएमडब्ल्यू झेड-फोरला कापडी हूड असतो. त्याच्या थरांमध्ये पाणी अडवणारा रबराचा थर असतो. मर्सिडीजची एसएलके आणि २००९ ते २०१६ ची झेड-फोर यांना घडी होणारं धातूचं छप्पर असतं. तिथे कापड नाही, पण हायड्रॉलिक सिलिंडर, सेन्सर आणि लांबच लांब रबरी सील आहेत. छप्पर अर्ध्यात अडकत असेल तर स्वतः ओढाताण करू नका, जाणकाराला दाखवा. अडकलेल्या छपरासह गाडी विकली तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त पैसे कापले जातात, कारण समोरचा नेहमी सगळ्यांत वाईट शक्यता धरून भाव करतो.

सॅन स्टॉर्म ही दोन सीटची देशी उघडी गाडी बाळगणारेही थोडे लोक आहेत. तिची बॉडी फायबरची आहे, त्यामुळे पत्र्याबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते तिच्या बॉडीला लागू नाही. खालची लोखंडी चौकट मात्र तपासाच.

गळती शोधा

दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च आणि कोरडे टिश्यू घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाइपला नोझल लावू नका आणि प्रेशर वॉशर तर नकोच. जोरात मारलेलं पाणी चांगल्या रबरातूनही आत शिरतं आणि नसलेली गळती दिसते. पाणी नुसतं ओघळू द्या.

सुरुवात खालून करा, आणि हे महत्त्वाचं आहे. आधी पुढच्या काचेचा तळ, मग काचेच्या चौकटीचे दोन्ही खांब, मग वरची पट्टी जिथे हूड काचेच्या चौकटीवर बसतो, मग दाराच्या काचा आणि शेवटी मागची खिडकी. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि नेमकी जागा कळत नाही. आतल्या माणसाने टिश्यू शिवणीवर, कोपऱ्यांवर आणि डॅशबोर्डच्या खाली पायाजवळ टेकवत राहायचं. टिश्यू ओला झाला की बाहेरून त्या जागी मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करायची.

पाणी जिथे थेंबतं तिथूनच ते शिरलेलं असतं असं नाही. जिप्सीत ड्रायव्हरच्या पायाशी साचणारं पाणी पुष्कळदा काचेच्या खालच्या रबरातून शिरून पत्र्याच्या कडेने चालत आलेलं असतं. म्हणून ओल दिसली की तिचा माग उलटा, वरच्या दिशेने काढा.

दाराच्या काचेचं रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी काच आणि रबराच्या मध्ये ठेवून दार लावा आणि हळू ओढा. सगळीकडे सारखा अडसर जाणवायला हवा. एका जागी पट्टी सहज निसटली तर तिथे रबर दबून चपटं झालं आहे किंवा काच वाकडी येते. काचेची उंची आणि तिरकेपणा मेकॅनिक अॅडजस्ट करून देतो. त्यासाठी नवं रबर घ्यायची घाई नको.

जी रबरं सुकली आहेत पण फाटलेली नाहीत, ती साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल, साधं ग्रीस, व्हॅसलिन लावू नका. पेट्रोलियमच्या तेलाने रबर फुगतं आणि काही महिन्यांत चिकट होतं.

आता नाल्यांकडे. मोटरवर चालणाऱ्या हुडाच्या गाड्यांत हूड जिथे घडी होऊन बसतो त्या खोलगट जागेच्या कोपऱ्यांत पाणी बाहेर जायची भोकं असतात. कोरेगाव पार्कातल्या वडाखाली किंवा प्रभात रोडच्या झाडीत उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पानांच्या चुऱ्याने आणि मातीने बुजतात. मग पाणी मागच्या कोपऱ्यात साचतं. झेड-फोरच्या २००९ आधीच्या कापडी हूडवाल्या पिढीत हुडाची हायड्रॉलिक मोटर नेमकी अशाच खोल जागी बसवलेली आहे, आणि भोक बुजलं की ती बुडून निकामी होते. मोटर बदलणं खर्चिक आहे, भोक साफ करणं फुकट आहे. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर गोल करा आणि हलक्या हाताने फिरवत आत घाला. मग पेलाभर पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा: दोन्ही बाजूंना पाणी पडतंय का? कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी जोडातून सुटते आणि मग आतलं सगळं ट्रिम (प्लास्टिकचं आवरण) उघडावं लागतं.

पत्रा आणि गंज

गळती थांबली की मॅट उचला. खालचा फोम ओला असेल तर गाडीतून बाहेर काढून उन्हात पूर्ण वाळवा, कुजला असेल तर बदला. वरून हात लावून कोरडा लागणारा गालिचा खाली आठवडेच्या आठवडे ओला राहतो, वास तिथूनच येतो.

जिप्सी आणि जीपमध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: पुढच्या पायाखालचा फ्लोअर, बॉडी जिथे चासीवर टेकते ते माउंटिंग, काचेच्या चौकटीचा तळ, दाराच्या बिजागऱ्यांची जागा, मागच्या चाकाच्या कमानी आणि चासीचा शेवटचा आडवा दांडा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके द्या. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला किंवा पापुद्रा निघाला तर आत गंज आहे. रंगाखाली पुट्टी किती आहे ते लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवलं की कळतं. पुट्टी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. तुमचं गिऱ्हाईक सोबत मेकॅनिक आणणार आणि तोही हेच करणार, तेव्हा आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

वरवरच्या गंजाचे सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने घासून काढा, उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा टिकाऊ थर करणारं रसायन) लावा, त्याच्या डब्यावर दिलेला वेळ जाऊ द्या, मग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग. भोक पडलं असेल तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हाच इलाज आहे. भोकावर फायबरची जाळी आणि पुट्टी भरून देणारे भेटतात. ते काम एका पावसाळ्यात फुगून वर येतं आणि तोवर गाडीत दुसऱ्याचं कुटुंब बसलेलं असतं. फ्लोअर आणि चासीच्या बाबतीत ही लपवाछपवी जिवाशी खेळ आहे, म्हणून ती करू नका आणि पेंटरलाही करू देऊ नका. इतकं काम परवडत नसेल तर गंज आहे तसा ठेवा, त्याचा फोटो जाहिरातीत टाका आणि भाव त्या हिशेबाने सांगा. विकायच्या आधी गाडीच्या तळाला काळं अंडरकोटिंगही मारू नका. जाणकार माणूस ताजं अंडरकोटिंग बघून काहीतरी लपवलंय असंच धरतो.

हूड: धुवायचा, शिवायचा की बदलायचा

कापडी हूड धुण्याआधी कोरडाच मऊ ब्रशने झाडा आणि व्हॅक्यूम करा. धूळ ओली झाली की धाग्यांत चिखल बसतो. मग सावलीत, गाडी थंड असताना हूड भिजवा, सौम्य कार शाम्पूचा फेस करून मऊ ब्रशने एकाच दिशेने, एका वेळी हातभर जागा घ्या. कपड्यांची पावडर आणि ब्लीच टाळा, त्यांनी शिवणीचा दोरा कमजोर होतो. फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. हिरवट शेवाळ असेल तर दुसऱ्यांदा धुवावं लागतं, पण घासण्याचा जोर वाढवू नका.

त्यानंतर वाळवणं. हूड चढवलेलाच ठेवा आणि आतून हात लावून कोरडा लागेपर्यंत थांबा. ओला हूड घडी घालून ठेवला की आत काळे बुरशीचे ठिपके पडतात आणि ते पुढे जात नाहीत. पूर्ण वाळल्यावर कापडासाठी मिळणारा वॉटरप्रूफिंग स्प्रे मारायचा, त्याआधी काचा आणि रंग जुन्या वर्तमानपत्रांनी आणि मास्किंग टेपने झाकायचे. दोन पातळ हात, मध्ये डब्यावर सांगितलेला वेळ. दुसऱ्या दिवशी थोडं पाणी शिंपडा. थेंब गोळी होऊन घरंगळले की काम झालं.

रेक्झिनच्या हुडाला हा स्प्रे उपयोगाचा नाही. तो साबणाच्या पाण्याने धुवून त्यावर उन्हापासून वाचवणारं व्हिनाइल प्रोटेक्टंट लावा. तेलकट चमक देणारं पॉलिश नको. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यावर धूळ चिकटते आणि दोन दिवसांत हूड पहिल्यापेक्षा मळका दिसतो.

प्लास्टिकची मागची खिडकी ही नवख्यांच्या हातून हमखास खराब होणारी वस्तू आहे. घरातल्या काचा पुसायच्या अमोनियावाल्या द्रवाने ती कायमची धुरकट होते. भरपूर पाण्याने धूळ काढा, मायक्रोफायबरने टिपा, मग प्लास्टिक पॉलिश कापसाच्या मऊ कापडावर घेऊन हलक्या दाबाने फिरवा. पिवळेपणा बराच कमी होतो. पण प्लास्टिक कडक होऊन घडीवर तडकलं असेल तर वेळ घालवू नका, तेवढा पॅनल बदलून घ्या. चेन अडकत असेल तर दातांवरून साधी मेणबत्ती फिरवा.

जिप्सीचा हूड फाटला असेल तर नाना पेठेत चक्कर मारा. स्पेअर पार्टची आणि सीट कव्हरची दुकानं एकाच पट्ट्यात असल्याने कापड, बटणं, चेन, शिलाई सगळ्यांची चौकशी एका फेरीत होते. कारागिराला तीन गोष्टी आधी विचारा: दोरा कुठला वापरणार, शिवण दुहेरी घालणार का, आणि शिवणीवर आतून पट्टी लावणार का. सुईची भोकं उघडी राहिली तर नवाकोरा हूडही पहिल्या पावसात टाक्याटाक्यांतून झिरपतो. बसवताना गाडी उन्हात तासभर उभी करायला सांगा. कापड सैल पडतं, बटणं ओढाताण न होता लागतात आणि संध्याकाळी गार झालं की हूड आपोआप ताठ बसतो. सीटचं कापडही त्याच वेळी फाटलं असेल तर एकाच कारागिराकडे द्या, रंग जुळतो.

परदेशी गाडीचा संपूर्ण हूड विकण्यासाठी म्हणून बदलू नका, तो खर्च व्यवहारात परत येत नाही. कडेला उसवलेली शिवण हाताने शिवून घेणं मात्र नक्की परवडतं.

रंग

गाडी आधी नीट धुवा: दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हात खंगाळायची. बोअरिंगच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुवत असाल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे गोल डाग बसतात. आधीच बसलेले डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून पुसा आणि लगेच धुवा. नंतर क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) भरपूर ओलावा ठेवून फिरवा. हात फिरवल्यावर रंग काचेसारखा गुळगुळीत लागला पाहिजे.

कंपाउंडिंगच्या (रंगाचा वरचा निस्तेज थर घासून काढण्याच्या) आधी एक दिसणार नाही अशी जागा निवडून हाताने घासून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर नाही, जुना साधा रंग आहे. तो पटकन पातळ होतो. पॉलिश करून देणारा मशीन आणणार असेल तर ड्युअल अॅक्शन मशीनचा आग्रह धरा आणि पत्र्याच्या कडांवर टेप लावून घ्या. फिरतं रोटरी मशीन शिकाऊ हातात कडेचा रंग जाळतं. शेवटी साधं वॅक्स पुरे. विकायच्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग म्हणजे पैसे पाण्यात.

संपूर्ण गाडीला नवा रंग देण्याचा मोह आवरा. खरचटलेला पण मूळ रंग असलेली जिप्सी ताज्या रंगाच्या जिप्सीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. रंगाची छटाच बदलली तर आरसीवर तशी नोंद करावी लागते, ती वेगळी यातायात.

आत आणि बॉनेटखाली

आतल्या कामात वास घालवणं हे मुख्य. गळती थांबून फोम वाळला असेल तर दोन-तीन दिवस हूड उघडा ठेवून दुपारचं ऊन द्या, सीटवर आणि गालिच्यावर खाण्याचा सोडा रात्रभर शिंपडून सकाळी व्हॅक्यूम करा. परफ्यूम टांगू नका. गिऱ्हाईक त्यावरूनच शंका घेतं. डॅशबोर्ड ओल्या फडक्याने पुसून मॅट फिनिशचं ड्रेसिंग लावा. चकचकीत डॅशबोर्ड उघड्या गाडीत डोळ्यांवर ऊन मारतो.

इंजिन ब्रश आणि डिग्रीजरने साफ करा, अल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकून. ऑइलची गळती पुसून दडवण्यापेक्षा गॅस्केट बदला. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा, बारीक तडे गेलेला टायर संपलेलाच आहे. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिक हेडलाइट १००० पासून ३००० पर्यंतच्या पाणकागदाने घासून पॉलिश होतात, वर यूव्ही क्लिअर मारायला विसरू नका, नाहीतर लवकरच पुन्हा पिवळ्या पडतात.

कागद

हे काम पॉलिशच्या आधी सुरू करा, कारण यालाच सर्वाधिक वेळ लागतो. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नूतनीकरण करावी लागते. त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, ग्रीन टॅक्स भरावा लागतो, आणि पुढची नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी मोटारीला ५,००० रुपये आणि आयात मोटारीला ४०,००० रुपये झाली. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये ती दुप्पट केली. जुनी एसएलके विकणाऱ्याने हा आकडा भाव ठरवतानाच धरायला हवा.

एमएच-१२ ची गाडी असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, एमएच-१४ असेल तर मोशीचं. तिथे जायच्या आधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा: बँकेचा बोजा आरसीवर अजून दिसतो का, ई-चलनं थकली आहेत का. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा उतरवलेला नसतो, असं पुष्कळ गाड्यांत आढळतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवून घ्या. पीयूसी आणि विमा चालू ठेवा. जिप्सीला मोठे टायर, लोखंडी बंपर, वेगळं इंजिन असलं काही केलेलं असेल तर आरसीशी जे जुळत नाही ते विक्रीआधी मूळ स्थितीत आणा.

दाखवणं आणि व्यवहार

फोटो सकाळी लवकर काढा. हूड चढवलेला, उतरवलेला आणि अर्धा उघडा, तिन्ही. मॅट उचलून फ्लोअरचा फोटो, गाडीखालून चासीचा फोटो आणि जे दोष शिल्लक आहेत त्यांचे जवळून फोटो टाका. फोन कमी येतील, पण जे येतील ते घासाघीस करायला नाही, गाडी घ्यायला येतील.

गिऱ्हाईक आलं की त्याला स्वतः हूड उघडू द्या, तुम्ही फक्त क्रम सांगा. मग पाण्याचा पाइप हातात द्या आणि हवं तिथे मारून बघा म्हणावं. गळती खरोखर थांबवलेली असेल तर यासारखी दुसरी शिफारस नाही. दुरुस्तीची बिलं, हुडाच्या शिलाईची पावती, काम चालू असतानाचे फोटो एका फायलीत समोर ठेवा. चक्कर मारायला लायसन्स बघूनच द्या आणि शेजारी बसा.

विसार घेतला की त्याची पावती लिहा. त्यात रक्कम, उरलेले पैसे कधी आणि दोष सांगितले आहेत हे नमूद करा. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावरच मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा. मालकी बदलाच्या कोऱ्या (टीटी) फॉर्मवर सही करून एजंटाच्या हवाली करू नका. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घेणाऱ्याची सही घ्या, त्यानंतरचं चलन किंवा अपघात तुमच्या गळ्यात पडत नाही हे दाखवायला तोच कागद कामाला येतो. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची असते. महिनाभराने परिवहनवर पुन्हा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा, आणि तोपर्यंत सगळ्या कागदांच्या प्रती जपून ठेवा.